हेर, स्नेह आणि संशय



हल्लीं घरोघरीं पडद्यावर हेरांच्या मालिका मोठ्या आवडीनें पाहिल्या जातात. नांदेड-लातूरकडील घरेंही त्याला अपवाद नाहींत. पाठलाग आणि पिस्तुलें हीं त्यांतील वरवरचीं आकर्षणें होत. प्रेक्षकाला खिळवून ठेवतो तो एकच प्रश्न: हा मनुष्य मनानें कोणाचा? २०१९ सालीं आलेल्या ‘द फॅमिली मॅन’ ह्या मालिकेंतील श्रीकांत तिवारी मुंबईंत चारचौघांसारखा संसार करतो, आणि आपल्या कामाचें खरें स्वरूप घरच्या माणसांपासून लपवून ठेवतो. देशाशीं इमान राखावयाचें तर पत्नीशीं खोटें बोलणें आलें. त्याचें प्रेम खोटें नव्हे. परंतु त्या प्रेमाच्याच आडोशानें तो वावरतो. मग माया कोठें संपली आणि बतावणी कोठें सुरू झाली, हें त्याचें त्यालाही सांगतां येऊं नये अशी अवस्था होते.

हा पेंच आपल्या साहित्याला नवा नाहीं. विशाखदत्ताचें ‘मुद्राराक्षस’ हें संस्कृत नाटक काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं १८८४ सालीं संपादून प्रसिद्ध केलें. तें आरंभापासून अखेरपर्यंत हेरांचेंच नाटक आहे. त्यांतील भागुरायण हा वस्तुतः चाणक्याचा माणूस. पण चंद्रगुप्ताला सोडून आल्याचें सोंग करून तो राजपुत्र मलयकेतूचा जिवलग बनतो. पांचव्या अंकांत तो मनाशीं खंत करतो, कीं जो आपल्यावर एवढा जीव टाकतो त्यालाच आपण फसवावयाचें! हें त्याचें स्वगत प्रेक्षकांना ऐकूं येतें. मलयकेतूला मात्र येत नाहीं. परिणाम काय होतो पाहा. फितूर भागुरायणावर तो विसंबतो, आपल्या पक्षाशीं एकनिष्ठ असलेल्या अमात्य राक्षसाला दूर लोटतो, आणि केवळ संशयावरून पांच मित्रराजांचा वध करवितो.

हेरकथेचें सारें मर्म ह्या स्वगतांत आहे. नाटककार आपल्याला दोन्ही दालनें उघडून दाखवितो, म्हणून कोण खरा आणि कोण खोटा हें आपण बसल्या जागीं ठरवितों. प्रत्यक्ष जीवनांत आपणांस एकच दालन दिसतें. हें विसरून जो पडद्यावरची नजर शेजाऱ्याकडे वळवितो, तो मलयकेतूच्या मार्गानें जातो.

मराठवाड्याला ह्याचा फार कडू अनुभव आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला, तरी निजामाचें हैदराबाद संस्थान वेगळेंच राहिलें, आणि त्यांतील माणसांपुढें दोन इमानें समोरासमोर उभीं ठाकलीं. लातुरांत वकिली केलेले कासीम रझवी रझाकारांचे पुढारी झाले, आणि त्यांच्या टोळ्यांनीं खेडींपाडीं हैराण केलीं. त्याच मुलखांत हिप्परग्याच्या शाळेंत शिकविलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनीं विलीनीकरणाच्या लढ्याचें नेतृत्व केलें. ‘इमरोज’ ह्या उर्दू दैनिकाचे संपादक शोएब उल्ला खान यांनींही विलीनीकरणाचा उघड पुरस्कार केला, आणि ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादेंत त्यांची हत्या झाली. मारेकऱ्यांच्या लेखीं ते फितूर होते. वास्तविक ह्या माणसानें कांहींच लपविलें नव्हतें. त्याचें स्वगत वर्तमानपत्रांत छापून निघत होतें!

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें, आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. तो मुक्तीचा दिवस आपण दरवर्षीं अभिमानानें साजरा करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु पुढील आठवड्यांत काय घडलें, तेंही स्मरलें पाहिजे. भारत सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालांत सर्वाधिक हानि झालेल्या चार जिल्ह्यांमध्यें उस्मानाबाद आणि नांदेड हीं नांवें आहेत. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. संस्थानांत २७,००० ते ४०,००० माणसें मारलीं गेलीं असावींत, असा समितीचा अंदाज होता. बळी पडले ते बहुतेक मुसलमान. त्यांत रझाकार कोण, आणि निरुपद्रवी विणकर वा दुकानदार कोण, हें विचारण्यास मारणारे थांबले नाहींत. एका टोळीचें पाप एका समाजाच्या माथीं मारलें गेलें. हा अहवाल कित्येक दशकें प्रसिद्धही झाला नाहीं.

त्याच अहवालांत दुसरीही एक नोंद आहे. अनेक ठिकाणीं हिंदूंनीं स्वतःचा जीव धोक्यांत घालून आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वांचविलें. त्यांना तरी शेजाऱ्याचें स्वगत कोठें ऐकूं आलें होतें? त्यांनीं पाहिलें होतें तें त्याचें वर्षानुवर्षांचें वागणें. आणि तेवढा पुरावा त्यांना पुरेसा वाटला.

‘द फॅमिली मॅन’मध्यें करीम नांवाचा एक विद्यार्थी नुसत्या संशयापायीं गोळीला बळी पडतो, आणि त्याचें शल्य श्रीकांतच्या मनांत राहतें. मालिका पाहतांना आपण श्रीकांतच्या चातुर्याचें कौतुक अवश्य करावें. पण पडदा मालवल्यावर बरोबर न्यावयाचें तें हें शल्य. दुसऱ्याच्या अंतःकरणांतलें आपणांस कळत नाहीं. म्हणूनच माणसाचा न्याय त्याच्या स्वतःच्या कृत्यांवरून करावा, त्याच्या नांवावरून कधींही करूं नये.