स्वातंत्र्याची भूक आणि स्वातंत्र्याचे भय
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



'आपल्या लोकांना दंडुक्याचीच भाषा कळते, त्यांना स्वातंत्र्य पेलत नाही,' हे उद्गार एस.टी.च्या प्रवासात, कचेरीत, आणि क्वचित आपल्या बैठकांतही कानी पडतात. वरकरणी हा त्रागा वाटतो. वस्तुतः तो मनुष्यस्वभावाविषयीचा एक सिद्धांत आहे. म्हणून त्याची तपासणी केली पाहिजे.

यादवी युद्धाने पोळलेल्या इंग्लंडमधील हॉब्जने १६५१ साली 'लेव्हायथन' या ग्रंथात हाच विचार तर्कशुद्धपणे मांडला. माणसे परस्परांना भितात. म्हणून आपले अधिकार एका सार्वभौम सत्तेच्या हवाली करण्यातच त्यांची सुरक्षितता आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. पण त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे ला बोएसी या फ्रेंच तरुणाने नेमका उलटा प्रश्न विचारला होता. जुलमी राजा एकटा आणि प्रजा लाखोंची. मग तो टिकतो कसा? त्याचे उत्तर असे की, राजाचे बळ प्रजेच्या सवयीत आणि राजाच्या मेहेरबानीवर जगणाऱ्यांच्या साखळीत असते. प्रजेने आधार काढून घेतला की तो आपोआप कोसळतो.

मग प्रजा आधार का काढून घेत नाही? हिटलरशाहीमुळे जर्मनीला दुरावलेल्या एरिक फ्रॉमने १९४१ साली या प्रश्नाला हात घातला. जुनी बंधने तुटल्याने माणूस मोकळा होतो, तसा एकाकीही होतो. आणि ते एकाकीपण असह्य झाले की स्वातंत्र्याचे ओझे तो एखाद्या बलदंड नेत्याच्या पायाशी टाकतो. म्हणजे येथे दोष केवळ स्वभावाचा नाही, माणसाला एकटे पाडणाऱ्या समाजरचनेचाही आहे. सैबेरियातील निरीक्षणांच्या आधारे क्रोपोटकिनने १९०२ साली दाखवून दिले होते की, परस्परसाहाय्य हीदेखील निसर्गाचीच रीत आहे.

आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत हे दोन्ही धागे एकत्र आणले. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यांनी मिलचा दाखला देऊन दिला. आणि सामाजिक व आर्थिक समतेवाचून राजकीय लोकशाही तगणार नाही, हेही त्याच भाषणात सांगितले. विभूतिपूजा आणि विषमता ही एकाच रोगाची दोन लक्षणे होत.

गरिबाला भाकरी हवी, स्वातंत्र्याचे त्याला काय, असे १९७५ नंतरच्या आणीबाणीत ऐकवले जात होते. मार्च १९७७ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारच्या मतदारांनी सत्ताधारी पक्षाला लोकसभेची एकही जागा दिली नाही. सक्तीच्या नसबंदीचा जाच सोसलेल्या त्या माणसांना भाकरी आणि प्रतिष्ठा यांचे नाते पुस्तकातून शिकावे लागले नाही.

तेव्हा निष्कर्ष एवढाच की, मनुष्यस्वभावात स्वातंत्र्याची भूकही आहे आणि भयही आहे. यांपैकी काय वाढीस लागेल, हे रोजच्या सवयींवर ठरते. ज्या शाखेच्या बैठकीत नवा कार्यकर्ता अध्यक्षांना निर्भयपणे 'हे मला मान्य नाही' म्हणू शकतो आणि तरीही एकटा पडत नाही, तेथे स्वातंत्र्य रुजते. ज्या संघटनेत ते घडत नाही, तिने देशाला लोकशाही शिकवू नये.