नऊ गढ्यांचं घर

श्रोतेहो, वाटणी म्हटलं की आपल्याला बांधावरची भांडणं आठवतात. पण आज मी एका वेगळ्या वाटणीविषयी बोलणार आहे.

इटलीनं चहूबाजूंनी वेढलेला, तितानो डोंगराच्या अंगाखांद्यावर वसलेला सान मारिनो नावाचा देश आहे. क्षेत्रफळ ६१ चौरस किलोमीटर, वस्ती साधारण ३४ हजार. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात एवढी माणसं सहज असतात. तरीही या देशाचे नऊ विभाग आहेत. त्यांना 'कास्तेल्लो' म्हणतात, म्हणजे किल्ला. आपण गढी म्हणू या.

या गढ्या कुणी नकाशावर पट्टी ठेवून आखल्या नाहीत. १४६३ साली रिमिनीच्या मालातेस्ताविरुद्धच्या लढाईनंतर पोपनं फिओरेन्तिनो, मोन्तेजार्दिनो आणि सेर्रावाल्ले ही गावं सान मारिनोला दिली. फाएतानो त्याच वर्षी आपखुशीनं येऊन मिळालं. तेव्हापासून देशाची हद्द वाढलेली नाही. १७९७ मध्ये नेपोलियननं आणखी मुलूख देऊ केला होता. अंतोनियो ओनोफ्री यांच्या सल्ल्यानं सान मारिनोनं तो नम्रपणे नाकारला. शेजाऱ्याची जमीन घेतली की शेजाऱ्याचं वैरही घरात येतं, हे त्या लहान देशाला कळलं होतं.

प्रत्येक गढीची निवडून दिलेली समिती असते आणि तिच्यावर एक कप्तान. मुदत पाच वर्षांची. गावातल्या सोयींवर लक्ष ठेवायचं, लोकांचं म्हणणं वर पोचवायचं, हे तिचं काम. राजधानीची गढी सगळ्यांत मोठी नाही. तो मान सेर्रावाल्लेचा, तिथं दहा हजारांवर लोक राहतात. मोन्तेजार्दिनोत जेमतेम हजारभर. पण या हजारांचाही स्वतःचा कप्तान आहे.

सेर्रावाल्लेत दोगाना नावाची वस्ती आहे. दोगाना म्हणजे जकातनाका. हा इटालियन शब्द आला अरबी-फारसी 'दीवान'वरून. आपला दिवाण, दिवाणी दावा, दिवाणखाना हे त्याचेच भाऊबंद. शायराच्या कवितासंग्रहालाही दीवानच म्हणतात. मुळात दीवान म्हणजे नोंदवही. मला वाटतं, कारभाराची विभागणी करायची ती याचसाठी. लहानातल्या लहान माणसाचंही नाव कुठल्या तरी वहीत असावं, आणि ती वही त्याला चालत जाऊन पाहता यावी.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, याच देशानं साधारण लाखभर निर्वासितांना आसरा दिला. स्वतःच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं! बोगद्यांतसुद्धा त्यांची सोय केली. ज्यानं मुलूख वाढवायला नकार दिला, त्यानं जागा करून द्यायला मात्र नकार दिला नाही.

श्रोतेहो, घराला खोल्या असतात त्या माणसं तोडण्यासाठी नव्हे, सगळ्यांना सामावून घेण्यासाठी. हद्दी आपल्यालाही आखाव्याच लागतात, जिल्ह्यांच्या, तालुक्यांच्या, वॉर्डांच्या. आखताना एवढंच विचारावं: या रेषेमुळे सामान्य माणसाला आपलं गाऱ्हाणं मांडायची जागा जवळ आली, की आणखी लांब गेली?