आईंच्या तांब्यातलं पाणी

आम्ही दोघी जावा.

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या. आमच्या बचत गटात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती अशा सगळ्या जणी आहेत. 'श्रद्धा आणि घरातली सेवा' यावर बोला, असं रेडिओच्या ताईंनी सांगितलं तेव्हा आम्ही आधी नकोच म्हणालो. खरं बोलायचं तर आपली चूक सांगावी लागणार होती. पण सांगतो.

आमच्या सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्या मोरीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून खाटेवरच आहेत. अंग पुसणं, भरवणं, कपडे बदलणं, सगळं आमच्या दोघींकडे आलं. आईंचे दोघे मुलगे चांगले आहेत. औषधं आणतात, दवाखान्यात नेतात, खाटेशी बसून "कसं वाटतंय?" विचारतात. पण चादर ओली झाली की हाक आम्हालाच. चर्चमध्ये लोक म्हणायचे, "सुना किती नम्रपणे सेवा करतात!" ऐकून बरं वाटायचं. घरी येऊन आम्ही चुलीपाशी कुरकुरत बसायचो.

रात्रीचा त्रास जास्त. दोन-तीनदा उठून चादर बदलायची आणि सकाळी खुरपणीला जायचं. मग दुपारनंतर आईंना पाणी कमी द्यायला लागलो. तसं ठरवून बोललो कधीच नाही. एकीने तांब्या लांब ठेवला. दुसरीने पाहिलं आणि जवळ सरकवला नाही. इतकंच.

मागच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, आशाताई घरी आल्या. आईंचे ओठ फुटले होते, जीभ कोरडी पडली होती. ताईंनी विचारलं, "दिवसाला किती पाणी देता?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात आईच म्हणाल्या, "देतात गं भरपूर. मलाच नको वाटतं."

मैत्रिणींनो, त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आई रागावल्या असत्या तर आम्हीही चार शब्द बोललो असतो. पण त्यांनी आम्हाला झाकलं. मनात टोचणी लागते म्हणतात ना, ती अशी लागली.

त्याच आठवड्यात पवित्र गुरुवार आला. मरणाच्या आदल्या रात्री येशू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला, भांड्यात पाणी घेतलं आणि आपल्या शिष्यांचे पाय धुतले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात हे सांगितलं आहे. त्या काळी पाय धुणं हे घरातल्या चाकराचं काम. ते गुरूने केलं, आणि तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा असं सांगितलं. याची आठवण म्हणून त्या दिवशी फादर काही माणसांचे पाय धुतात. पूर्वी नियमाप्रमाणे त्यात पुरुषच असायचे. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, तेव्हापासून बायकांनाही बसता येतं. त्या वर्षी आमचे थोरले मालक बसले होते.

आम्ही मागे बाकावर बसून पाहत होतो. येशूने हे काम बायकांच्या किंवा सुनांच्या वाट्याला ठेवलेलं नाही. पुरुषांच्या पंगतीत, पुरुषांनाच सांगितलं. आणि आमच्याकडे बघायचं, तर आम्ही सेवा करत होतो, पण तहानलेल्या माणसाचं पाणी तोडत होतो. दोन्हीकडे खोट होती.

घरी आल्यावर आम्ही आधी आईंपाशी गेलो. पाण्याचं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "मला कळत होतं. पण तुमचे डोळे किती खोल गेलेत, तेही दिसत होतं." मग दोघा भावांना बोलावून सगळं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, पाप म्हणून सांगितलं. थोरले मालक बराच वेळ गप्प होते. मग उठले, घमेल्यात गरम पाणी घेतलं आणि आईंच्या पायाशी बसले. पाणी फार तापलं होतं. आई ओरडल्या, "अरे, चटका बसतोय! विसण घाल आधी!" सगळे हसलो. पण त्या रात्री कामाची वाटणी झाली.

आईंना मुलांसमोर लाज वाटते, म्हणून कपडे बदलणं आमच्याकडेच राहिलं. उचलणं, कूस बदलणं, चादरी धुणं हे मुलांकडे. रात्री एक आड एक दिवस एक-एक भाऊ खाटेशेजारी झोपतो. आमची नणंद महिन्यातून चार दिवस येते. भावकीत बोलणी झाली, "घरात दोन सुना असून पोरं चादरी धुतात!" आम्ही ऐकून घेतलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातसुद्धा आईवडिलांना सांभाळणाऱ्या अपत्यांमध्ये मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं यांची नावं आहेत.

कोणी म्हणतील, सेवा तर श्रद्धेने करायची, त्यात वाटणी कसली? मार्काच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात येशू काही लोकांना रागावतो. आईबापाला द्यायचं ते देवाला अर्पण केलं, असं म्हणून ते आपली सुटका करून घेत होते. प्रार्थनेला, वर्गणीला पुढे आणि घरच्या खाटेपासून मागे, हे देवाला चालत नाही.

दुसरी गोष्ट मनाची. लक्ष्मीबाई टिळकांचं नाव आपल्या जिल्ह्यात माहीत आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लगेच झाल्या नाहीत. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्यावरही आपलं सोवळं पाळत राहिल्या. माणसामाणसांत उच्चनीच देवाने केलेलं नाही, हे त्यांच्या मनाला पटलं, आणि १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा अशी आतून यावी लागते. सेवेचंही तसंच. एकीच्याच माथी मारली की ती वेठ होते, आणि वेठ करणारा माणूस दमला की आमच्यासारखा चुकतो.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर एवढं लक्षात ठेवा. लघवी होते म्हणून दिवसाचं पाणी तोडू नका. त्याने अशक्तपणा, मलावरोध, लघवीचा जंतुसंसर्ग होऊ शकतो. सकाळपासून थोडं थोडं पाणी द्या, झोपायच्या आधी लघवीचं भांडं द्या. डॉक्टरांनी पाण्याचं माप सांगितलं असेल तर तेच पाळा. दर दोन तासांनी कूस बदला, चादर कोरडी ठेवा, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. आणि सांभाळणारी दमली असेल, तर तिने ते मोठ्याने सांगावं. आम्ही वेळेवर सांगितलं असतं, तर तांब्या लांब गेला नसता.

आई आज आहेत, ही देवाची कृपा. इथे यायच्या आधी आम्ही त्यांना विचारलं, "रेडिओवर हे सांगू का?" त्या म्हणाल्या, "सांगा. पाण्याचंही सांगा. कुठल्यातरी म्हातारीला घोटभर जास्त मिळेल."