शास्त्रज्ञांची पदके व त्यांचा संग्रह
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



पदकसंग्रह हा धनिकांचा शोक, त्याचे आम्हांस काय, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात येणे साहजिक आहे. आमचे म्हणणे इतकेच की, पदक विकत घेण्यास पैसा लागतो; ते वाचण्यास लागत नाही. नोबेल पदकच घ्या. पदार्थविज्ञान व रसायन या विषयांच्या पदकावर एका बाजूस नोबेलची मुखाकृती असते; दुसऱ्या बाजूस मेघांतून प्रकटणारी सृष्टिदेवता असून विज्ञानदेवता तिच्या मुखावरील अवगुंठन दूर करीत आहे. खालच्या पट्टीवर मानकऱ्याचे नाव कोरलेले असते. हे नाव म्हणजेच संग्राहकाच्या दृष्टीने पदकाचा प्राण होय. आणि एकदा तेच नाव धन्याच्या जिवावर उठण्याची वेळ आली होती.

माक्स फॉन लाउए (१९१४) आणि जेम्स फ्रांक (१९२५) या जर्मन शास्त्रज्ञांनी आपली पदके कोपनहेगन येथे नील्स बोर यांच्या संस्थेत ठेवावयास दिली होती. नाझी राजवटीत देशाबाहेर सोने पाठविणे हा भयंकर अपराध होता. फ्रांक अमेरिकेस गेले होते, परंतु लाउए जर्मनीतच होते. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्य कोपनहेगनात शिरले. पदके पुरून टाकावीत, असे हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ गेऑर्ग द हेवेशी यांनी सुचविले. बोर यांस ते रुचले नाही. पुरलेले उकरता येते. तेव्हा रस्त्यांतून फौजा चालल्या असता हेवेशी ती पदके अम्लराजात, म्हणजे नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, विरघळवीत बसले. सोने मोठे हट्टी. काम लवकर उरकेना. पुढे सैनिकांनी संस्था धुंडाळली, पण फळीवरच्या द्रावणाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. युद्धानंतर ते तसेच सापडले. १९५० साली सोने निराळे काढून स्वीडनला धाडले, पदके नव्याने पाडली गेली, आणि १९५२ साली फ्रांक यांस त्यांचे पदक पुन्हा अर्पण झाले.

आता संग्राहकांचा प्रश्न असा की, हे पदक मूळचे म्हणावे की नकल? सोने तेच, मानकरी तोच, पण घडण दुसरी. आमच्या मते ते मूळच्याहूनही मोलाचे आहे. बोर यांनी स्वतःचे पदक तर फिनलंडच्या साहाय्यार्थ १९४० सालीच लिलावात दिले होते; विकत घेणाऱ्याने नाव सांगितले नाही, व आज ते डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सबोर्ग येथील संग्रहालयात आहे.

अलीकडचे लिलाव निराळे. डी. एन. ए.च्या रचनेचे एक शोधक वॉटसन यांचे पदक २०१४ साली सुमारे साडेसत्तेचाळीस लाख डॉलरांस गेले; घेणाऱ्या रशियन धनिकाने ते त्यांस परत दिले. लेडरमन यांचे मात्र २०१५ साली सुमारे साडेसात लाखांस गेले. ते स्मृतिभ्रंशाने आजारी होते व औषधोपचाराच्या खर्चाची चिंता होती. त्यांस कोणी दोष देऊ नये.

खरेखोटे ओळखण्यास शाळेतील आर्किमिडीजचा नियम पुरतो. पदक प्रथम हवेत व मग दोऱ्याने पाण्यात सोडून तोलावे. शुद्ध सोने पाण्याच्या एकोणीस पटींहून जड असते, कांस्य त्याच्या निम्म्याहूनही हलके. तथापि १९८० सालापासूनचे नोबेल पदक अठरा कॅरटचे, वर शुद्ध सोन्याचा मुलामा असलेले आहे. पूर्वीचे तेवीस कॅरटचे असे. तेव्हा साल पाहून मगच निर्णय द्यावा.

आपल्या घरीही आजोबांचे एखादे परीक्षेचे वा प्रदर्शनाचे पदक असेलच. भगिनींस विनंती की, त्यास चिंच लावून घासू नये. काळपटपणा जातो, पण त्याबरोबर अक्षरेही झिजतात. डबी असल्यास तीही टाकू नये. काहींनी आज पदके बरोबर आणल्याचे चिटणीसांकडून कळले. आम्ही नाजूक काटा व पाण्याचे भांडे व्यासपीठामागे मांडून ठेविले आहे. अल्पोपाहारापूर्वी ज्यांस तोलून पाहावयाचे असेल त्यांनी तेथे यावे.