वर्गात प्रश्न विचारायचा कुणी?



महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. म्हणजे आपल्या बीडचं पोर दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकतं. तरी स्टँडवर परमुलखातला माणूस भेटला, तर 'तुम्हाला कुठं जायचंय?' एवढं त्याच्या तोंडून इंग्रजीत निघत नाही. निघेल कसं? वर्गात विचारतात ते गुरुजी. पोरांनी फक्त सांगायचं. 'व्हॉट इज युवर नेम?' गुरुजींना नाव हजेरीपटावरून पाठच असतं! ही नुसती तपासणी झाली.

मराठीत हो-नाही विचारायला वाक्याच्या शेवटी 'का' लावला की भागतं, आणि 'कुठं' आलं तरी शब्दांचा क्रम बदलावा लागत नाही. इंग्रजीत बहुतेक प्रश्नांना 'आर', 'डू', 'डज', 'डिड' असं सहायक क्रियापद लागतं, तेही कर्त्याच्या आधी. म्हणून पोरं 'व्हेअर यू आर गोइंग?' म्हणतात. नियम घोकून ही खोड जात नाही. खरंच काही जाणून घ्यायचं असलं, की जीभ हळूहळू वळते.

आणि जाणून घ्यायला आपल्याकडे काय कमी आहे? दिवाळीच्या सुमारास धारूर, पाटोदा, शिरूर कासार, वडवणीकडची बिऱ्हाडं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. हंगामी वसतिगृहामुळे काही मुलं गावात राहतात. बाकीची पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत येतात, आणि आपण शिक्षक त्यांना 'मागे पडलेली' म्हणतो. मला हे पटत नाही. सबंध वर्गाला, गुरुजींनाही, ठाऊक नसलेलं त्यांना ठाऊक असतं. विचारा ना त्यांना. 'व्हेन डिड यू वेक अप?' 'हू कुक्ड?' 'डिड यू सी द फॅक्टरी?' मात्र 'आय डोन्ट वॉन्ट टू टेल' हे वाक्य सगळ्यांत आधी शिकवा. कोपीतलं, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीतलं, सगळंच चारचौघांत सांगण्याजोगं नसतं.

प्रश्न विचारता येऊ लागले, की मग सल्ला द्यायला शिकवा. पुढच्या हंगामात जाणाऱ्या पोराला जाऊन आलेलं पोर सांगेल: 'यू शुड टेक अ ब्लँकेट.' 'डोन्ट वॉक बेअरफुट.' हा सल्ला पाठ्यपुस्तकातून यायचा नाही. आजीला मात्र 'यू मस्ट' म्हणू नये. तिथं 'व्हाय डोन्ट यू सी अ डॉक्टर?' शोभतं. घरी आपण वडीलधाऱ्यांना 'दवाखान्यात दाखवता का जरा?' असंच म्हणतो की! सल्ला खराही हवा. साप चावला तर मांत्रिक नको, आवळून दोरी नको, थेट दवाखाना. हे पोराला मराठीत नीट समजल्यावरच इंग्रजीत म्हणायला लावा.

पोरांसारखा सराव शिक्षकांनाही हवा. २०१६ मध्ये राज्यात शिक्षकांसाठी 'तेजस' प्रकल्प सुरू झाला. त्यात शिक्षकांचे गट जमून आपापसांत इंग्रजीतून बोलत. आपल्यालाही विचारायची सवय लागावी, यासाठी असे गट केंद्रशाळेत चालवायला हरकत नाही.

बाकी तासाला एवढंच पाळा: 'व्हेअर यू स्लेप्ट?' असं आलं तर मध्येच तोडू नका. आधी उत्तर मिळू द्या, दोन-चार पोरांना हसू द्या, आणि मग बरोबर वाक्य फळ्यावर लिहा.