नाटककाराचा शब्द आणि पडद्याचा करार



‘मुंबईत मालिकांचं काम कसं मिळेल?’ सकाळपासून इथल्या तरुण लेखकांकडून मी हाच प्रश्न ऐकतो आहे. त्यात कमीपणा मानू नका. लिहिणाऱ्यालाही घर चालवावं लागतं. हौशी नाटकाच्या तालमींवर ते चालत नाही.

आपल्या जिल्ह्यात नाटक आणि सिनेमा जुने शेजारी आहेत. ज्या शाहू महाराजांनी इथे भोगावतीवर धरण उभारायला घेतलं, त्यांनीच कोल्हापुरात पॅलेस थिएटर बांधलं. पुढे १९३६ मध्ये कोल्हापुरात हंस पिक्चर्स निघाली आणि तिच्यासाठी ‘धर्मवीर’, ‘ब्रह्मचारी’ लिहायला आले ते रंगभूमी गाजवणारे आचार्य अत्रे. आजच्या पिढीत कोल्हापूरच्याच अभिराम भडकमकरांनी ‘देहभान’सारखं नाटक लिहिलं आणि ‘बालगंधर्व’ चित्रपटाची पटकथाही.

पण मला जास्त बोलायचं आहे ते विजय तेंडुलकरांविषयी. त्यांचा जन्मही कोल्हापूरचा, १९२८ चा. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘घाशीराम कोतवाल’ लिहिणाऱ्या या माणसाने ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘आक्रोश’ लिहिले. त्यांच्या ‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. रोज सकाळी डेअरीत दूध घालणाऱ्या आपल्या तालुक्याला ती गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पण पटकथेला पुरस्कार मिळूनही लोक दिग्दर्शकाच्या नावाने ‘बेनेगलांचा मंथन’ म्हणतात आणि ‘तेंडुलकरांचा घाशीराम’. ‘अर्धसत्य’ पाहा: कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, आणि चित्रपट गोविंद निहलानींचा. प्रत्येकाचं काम अव्वल दर्जाचं आहे. पण तिथे लेखक अनेकांतला एक असतो. हे समजून जो जातो, तो तिथे नीट काम करतो; न समजता जातो, तो कडवट होऊन परततो.

माध्यम बदललं की आशयही हलतो. जयंत पवारांचं ‘अधांतर’ चाळीतल्या एका खोलीत घडतं. १९८२ च्या संपाने मोडलेली गिरणगावातली माणसं त्या चार भिंतींत एकमेकांना ओरबाडतात, आणि बाहेरचं जग आपल्याला फक्त त्यांच्या बोलण्यातून कळतं. २०१० मध्ये त्यावरून ‘लालबाग परळ’ आला, तो गल्लीत उतरला, गिरणीमालकाच्या घरात शिरला. पडद्याला ते करावंच लागतं. मला मात्र त्या खोलीची घुसमट अधिक खरी वाटते, कारण तिच्यातून प्रेक्षकालाही बाहेर पडता येत नाही.

परेश मोकाशींनी ‘मुक्काम पोस्ट बोंबीलवाडी’ स्वतःच पडद्यावर नेलं; लेखकच दिग्दर्शक झाला की शब्दाचा ताबा बराचसा हाती राहतो. इरावती कर्णिक, मनस्विनी लता रवींद्र नाटक आणि पडदा दोन्हीकडे लिहीत आल्या आहेत. त्यांचं पडद्यावरचं लेखनही अभ्यासा.

आता व्यवहाराचं. नाटकात प्रयोगामागे मानधन आणि लेखकाची परवानगी ही रीत आपल्याला माहीत आहे. पडद्याच्या करारात बहुतेकदा सगळे हक्क एकरकमी लिहून घेतले जातात. स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली: चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीचा चित्रपटगृहाबाहेर वापर झाला, तर रॉयल्टीतला समान वाटा लेखकाचा, आणि तो हक्क लिहून देता येत नाही. हा वाटा प्रत्यक्ष पदरात पडणं अजूनही अवघड आहे. म्हणूनच तो माहीत असला पाहिजे. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच.

इथल्या तरुण लेखकांकडे माझं एकच मागणं आहे. मालिका मिळाली तर जरूर करा, पण राज्य नाट्य स्पर्धेसाठी वर्षाआड का होईना नवी संहिता लिहा. गवा शेतात उतरल्यावर होणारी गावची भांडणं, धरणाखाली गेलेल्या जमिनींच्या आठवणी, उसाच्या बिलाची वाट पाहणारी घरं. हे विषय अंधेरीच्या ऑफिसात बसून कुणालाही सुचणार नाहीत.

दुपारच्या सत्रात आपण कराराचा एक नमुना कलमवार वाचणार आहोत. ज्यांनी आधीच सह्या केल्या आहेत, त्यांनी रक्कम झाकून आपापले करारही सोबत आणावेत.