छंदाला नवी वाट



सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे बळ गेले. मुष्टियुद्धाचे रिंगण कायमचे सुटले. खेळ मात्र त्यांनी सोडला नाही. उपचार म्हणून सुरू केलेल्या पोहण्यात ते रमले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले.

पदक थोरांचे असले, तरी त्यातील धडा आपल्या घरचा आहे. शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज सत्तरीच्या आसपास आहेत. मांडी घालता येत नसेल, तर पेटी टेबलावर ठेवावी. वाकवत नसेल, तर कुंड्या कमरेइतक्या उंच कट्ट्यावर मांडाव्यात. अक्षरे अंधुक झाली असतील, तर नातवंडांकडून पुस्तक वाचून घ्यावे. दिल्लीत वाढणाऱ्या त्या मुलांची मराठीही त्याने घोटली जाईल.

पालकहो, घरातील वडीलधाऱ्यांना ‘आता आराम करा’ असे सांगण्यापूर्वी, त्यांचा छंद कोणत्या रीतीने चालू ठेवता येईल, हे त्यांनाच विचारावे, एवढीच विनंती.